दुचाकीच्या टूरसाठी नकाशा कुठला? थोडी पार्श्वभूमी

पावसाळा ओसरला की दरवर्षी तोच प्रश्न येतो: टूरचा रस्ता कशावर आखायचा आणि वाटेत हँडलवर काय लावायचं? उत्तरादाखल ॲपची नावं फेकली जातात आणि वाद पेटतो. त्या वादातला निम्मा गोंधळ डिसेंबर २०१७ मधल्या एका निर्णयातून आलेला आहे. त्या महिन्यात गूगल मॅप्समध्ये दुचाकीचा स्वतंत्र पर्याय आला, आणि जगात सगळ्यांत आधी तो भारतात आला.

त्याआधीचा कागदाचा काळ फार लांबवत नाही. नकाशे काढणारं सरकारी खातं १७६७ पासूनचं, पण बाईकवाल्यांना त्याच्या टोपोशीटचा, म्हणजे भूभागाच्या तपशीलवार नकाशांचा, उपयोग जवळजवळ नव्हता. किनारपट्टी आणि सीमेलगतच्या शीट सामान्य माणसाला मिळतच नसत. म्हणजे कोकण आणि लडाख, टूरवाल्यांचे दोन्ही लाडके प्रदेश, कुलूपबंद. २००५ च्या नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन मालिका केल्या खऱ्या, पण तोवर लोकांनी आपली सोय केलेली होती. पेट्रोलच्या टाकीवर बसणाऱ्या टँक बॅगच्या पारदर्शक खिशात रोड ॲटलसचं घडी घातलेलं पान, आणि शेजारी वहीच्या कागदावर फाट्यांची यादी: भोर, वरंध, महाड, हायवेला डावीकडे, पोलादपूर. बाकीचं टपरीवर विचारायचं.

एप्रिल २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले आणि हे ॲटलस एका फटक्यात जुने झाले. मुंबई-पुणे-बंगळुरूचा चार नंबर ४८ झाला, पुणे-हैदराबादचा नऊ नंबर ६५ झाला, पनवेलहून गोव्याकडे जाणारा सतरा नंबर ६६ झाला. नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आणि पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम क्रमांक आहेत. पद्धत सरळ आहे, पण लोकांच्या तोंडातून सतरा काही गेला नाही. टपरीवाला सतरा म्हणतो आणि फोन ६६ म्हणतो, हा प्रकार आजही चालू आहे.

उपग्रहाची बाजू मे २००० मध्ये मोकळी झाली. नागरी जीपीएसमध्ये अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि शंभरेक मीटरचा घोळ दहा-वीस मीटरवर आला. पुढच्या पाच-सहा वर्षांत गार्मिनचा झूमो, टॉमटॉमचा रायडर अशी खास मोटरसायकलसाठीची उपकरणं बाजारात आली. पाणी न शिरणारी, हातमोजे घालून चालवता येणारी. युरोपात त्यांनी एक पिढी घडवली. आपल्याकडे ती मोजक्याच हँडलवर दिसली. किंमत भारी, आणि इतकं देऊनही आतला नकाशा कोकणातल्या गावरस्त्यांवर मुका. स्मार्टफोन स्वस्त झाल्यावर तो विषयच मिटला.

आता मूळ मुद्द्याकडे. महाराष्ट्रात दुचाकीवाल्याला सगळे रस्ते मोकळे नाहीत. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे २००२ मध्ये पूर्ण झाला, त्यावर दुचाकीला बंदी. २००९ चा वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०१३ चा पूर्व मुक्त मार्ग, डिसेंबर २०२२ पासूनचा समृद्धी महामार्ग, जानेवारी २०२४ चा अटल सेतू, सगळीकडे तेच. म्हणजे राज्यातला जो जो रस्ता गाजावाजा करून सुरू झाला, तो बहुधा आपल्यासाठी नव्हता. नकाशाच्या ॲपला मात्र हे माहीत नव्हतं. २०१७ पर्यंत पर्याय होते चारचाकी, बस-रेल्वे आणि पायी. चारचाकी निवडून पुण्याला निघालं की निळी रेघ थेट एक्स्प्रेस वेवर. मग लोकांनी युक्ती काढली, सेटिंगमध्ये ‘टोल टाळा’ची खूण करायची. एक्स्प्रेस वे सुटायचा, पण त्याबरोबर टोलनाके असलेले साधे हायवेही सुटायचे, जिथे दुचाकीला टोल भरावाच लागत नाही. ‘हायवे टाळा’ केलं तर राष्ट्रीय महामार्गच गायब आणि रेघ कुठल्या कुठे.

त्यामुळे दुचाकीचा पर्याय आला तेव्हा आनंद झाला, तो रास्तच होता. बंदीचे रस्ते वगळले जाऊ लागले आणि पोहोचण्याची वेळ खरी वाटू लागली. पण त्या पर्यायाची रचना कुणासाठी झाली होती ते पाहा. जाहीर करतानाच सांगितलं गेलं होतं की मोटारी आणि ट्रक जाऊ शकत नाहीत अशा जवळच्या वाटा तो दाखवेल, आणि वाटेतल्या ठळक खुणा आधीच दाखवेल, म्हणजे चालवताना सारखा फोन बघावा लागणार नाही. देशातल्या नोंदणीकृत वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश दुचाक्या आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य रोज कामाला जाणाऱ्यांच्या. दादरहून अंधेरीला स्कूटरवर जाणाऱ्याला गल्लीतून काढलेली वाट म्हणजे वरदान. तोच हिशोब मागे जोडीदार, दोन्ही बाजूंना सॅडलबॅग आणि वर तंबू बांधलेल्या साडेतीनशे सीसीच्या गाडीला लावला की ती शेताच्या बांधावर जाऊन उभी राहते. अरुंद वाट ही त्या हिशोबात जमेची बाजू आहे. टूरमध्ये ती वजाबाकी आहे.

एका बाजूचं म्हणणं असं की दोष वापरणाऱ्याचा. लांबच्या प्रवासात शहराबाहेर पडेपर्यंत दुचाकी आणि पुढे चारचाकीचा पर्याय लावावा, बंदीचे रस्ते तेवढे स्वतः लक्षात ठेवावेत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, टूरची दुचाकी आणि कामावरची दुचाकी हे दोन वेगळे पर्याय हवेत, तीन मिनिटं वाचवण्यासाठी हायवे सोडवणारा नियम चुकीचाच आहे. मला दुसरी बाजू पटते, जरी वापरात मी पहिलीच करतो. निर्णय घेणाऱ्यांनी गर्दी बघितली आणि गर्दीच्या बाजूने गेले, त्यात गैर काही नाही. पण ‘दुचाकीसाठी’ हा शब्द वाचून टूरवाला त्यावर जो विश्वास टाकतो, तो त्या पर्यायाने कधी मागितलेलाच नव्हता. ॲपने फसवलं अशी तक्रार करणारे बरेच जण या एका गैरसमजातून बोलत असतात.

टूरच्या दृष्टीने याहून मोठी अडचण आखलेला रस्ता तसाच्या तसा टिकवण्याची. गूगल मॅप्समध्ये सुरुवात आणि शेवट धरून दहा ठिकाणं देता येतात. पुणे ते गोवा घाट चढत-उतरत जायचं असेल, म्हणजे वरंध उतरून कुंभार्ली चढायचा, आंबा उतरून गगनबावडा, पुढे आंबोली, तर ती दहा ठिकाणं सावंतवाडीच्या आधीच संपतात. शिवाय मध्ये रस्ता चुकला किंवा जवळची वाट सापडली की ते मोकळेपणाने नवा रस्ता आखतं, आणि तुम्ही मुद्दाम निवडलेला घाट त्यात राहीलच असं नाही.

म्हणून जीपीएक्स फाइलीकडे, म्हणजे आखलेला रस्ता साठवून दुसऱ्या ॲपला किंवा उपकरणाला देता येणाऱ्या फाइलीकडे, वळणं आलं. ही पद्धत २००२ ची. एका फाइलीत तीन गोष्टी राहू शकतात: सुटे बिंदू, रूट आणि ट्रॅक. रूट म्हणजे आपली जुनी फाट्यांची यादी. दोन फाट्यांमधून कसं जायचं ते उपकरण आपल्या नकाशावर स्वतः ठरवतं. ट्रॅक म्हणजे बिंदूंची सलग रेघ, त्यात ठरवायला काही उरत नाही. घरी संगणकावर एका नकाशावर रूट आखला आणि फोनमध्ये दुसऱ्याच नकाशाच्या ॲपवर उघडला की दोघांचं मत वेगळं पडतं, आणि रात्री एकमताने ठरलेला घाट सकाळी रेघेतून गायब असतो. चार-पाच गाड्यांच्या टूरमध्ये प्रत्येकाने आपापल्या ॲपवर तीच फाइल उघडली तर पहिल्या फाट्यावरच मंडळी विखुरतात. अनुभवी लोक ट्रॅक वाटतात तो त्यामुळे. वळणाची सूचना मिळाली नाही तरी चालेल, रेघ सगळ्यांची एक राहते.

या फाइली उघडणारी बहुतेक ॲप ओपनस्ट्रीटमॅपवर उभी आहेत. तो नकाशा २००४ पासून लोक हातांनी भरतायत. ऑसमअँड सगळ्यांच्या परिचयाचं आहे. जर्मनीहून आलेली कुरविगर आणि कॅलिमोटो खास मोटरसायकलवाल्यांची, मोठे रस्ते टाळून वळणदार रस्ता शोधून देणारी. कल्पना सुंदर आहे. युरोपात वळणदार लहान रस्ताही बहुतेक डांबरीच असतो, म्हणून तिथे वळणं मोजली की काम भागतं. सह्याद्रीत वळणं शोधावी लागत नाहीत, टाळावी लागतात ती खडी आणि खड्डे. तिलारीचा घाट कुठलंही वळणशोधक ॲप आनंदाने सुचवेल, पण उतार किती तीव्र आहे, काल पाऊस झाला का, हे त्या हिशोबात येत नाही. रस्ता डांबरी की कच्चा याची नोंद आपल्याकडे अनेक गावरस्त्यांवर कुणी भरलेलीच नाही, आणि नोंद नसली की ॲप आपलं चांगलंच गृहीत धरतं. एका बाबतीत मात्र हा नकाशा पुढे आहे. रस्त्यावर मोटरसायकलला मनाई असल्याची खूण त्यात सरळ घालता येते आणि चूक दिसली तर तुम्ही स्वतः दुरुस्त करू शकता.

कोकणात या सगळ्याची परीक्षा लागते. अलिबागहून किनाऱ्याने खाली यायचं तर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी घ्याव्या लागतात. गाडी बोटीवर चढवायची, साइड स्टँडवर लावून धरून उभं राहायचं, पलीकडे उतरायचं. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘फेरी टाळा’ची खूण राहून गेली असेल तर ते तुम्हाला दाभोळहून गुहागरला न्यायला थेट चिपळूणकडचा वळसा घालतं. खूण नसेल तर शेवटची बोट सुटून गेली तरी धक्क्यावरच नेऊन सोडतं. वेळापत्रक त्याच्याकडे नसतं, धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत असतं.

बंद रस्त्यांचंही तसंच. वरंध पावसाळ्यात वाहतुकीला बंद केला जातो, त्याची बातमी स्थानिक पेपरात आधी येते आणि नकाशावर उशिरा, कधी येतच नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर रात्री एक मोटार गेली आणि एकाचा बुडून मृत्यू झाला. फोनवरचा रस्ता बघत ते निघाले होते. ती मोटार होती, दुचाकी नव्हती, पण पाण्याखालचा पूल नकाशावर इतर पुलांसारखाच दिसतो.

२०२० पासून गोष्टी भराभर बदलल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये रॉयल एनफील्डच्या मीटिअर ३५० बरोबर हँडलजवळ छोटी गोल तबकडी आली, फोनला जोडून फक्त बाण दाखवणारी. तीन वर्षांनी नव्या हिमालयनवर तशाच गोल पडद्यात पूर्ण नकाशा उमटू लागला. फोन खिशात राहतो, ही मोठी सोय, कारण सप्टेंबर २०२१ मध्ये एका बड्या फोन कंपनीने स्वतःच बजावलं होतं की मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी फोनचा कॅमेरा बिघडू शकतो. पण पडदा बदलला तरी मागचा हिशोब तोच. गोल तबकडीवरचा बाणही तुम्हाला त्याच बांधावर नेऊ शकतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशाच्या कामावरची परवानग्यांची साखळी काढून टाकली आणि भारतीय कंपन्यांना बारीक नकाशे करायची मुभा दिली. देशी नकाशांची चर्चा वाढली ती तेव्हापासून.

लडाखचा हिशोब वेगळा आहे आणि तिथे ॲपची निवड दुय्यम ठरते. बाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि तेही मनाली-लेह रस्त्याच्या मोठ्या भागात निरुपयोगी. ऑफलाइन नकाशा मनालीतच उतरवून घ्यायचा. टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. तिथे रस्ता आखणं म्हणजे आधी पेट्रोलचा हिशोब, मग वळणं. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग वगळून जाता येतं, पण रोहतांगवरूनच जायचं असेल तर तो वेगळा थांबा म्हणून घालावा लागतो, नाहीतर प्रत्येक ॲप बोगद्यातून काढतं.

परदेशी टूरवाल्यांचं बघून काही जण उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मागवायला निघतात. ते करू नये. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर या बाबतीत सरकार फार कडक आहे. परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं इथे गुन्हा आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात विमानतळावर परदेशी प्रवाशांवर त्यासाठी कारवाई झाली. फक्त उपग्रहाचा संकेत घेणारा साधा जीपीएस आणि संदेश पाठवणारं यंत्र यांतला फरक विमानतळावरच्या माणसाला समजावत बसण्याची वेळ येऊ शकते, म्हणून उपकरण नेमकं काय करतं याचा कागद जवळ असलेला बरा.