रविवार मिळाला, रोज बुडाला

साप्ताहिक सुट्टीचा विषय निघाला की १० जून १८९० ही तारीख येतेच. त्या दिवशी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याआधी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे सहा वर्षं झटत होते. १८८४ मध्ये त्यांनी साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानात दहा हजार कामगार जमवले. त्या सभेत दोन बायकाही बोलल्या.

लोखंड्यांच्या जयंतीच्या भाषणांत एक गोष्ट मात्र राहून जाते. १८९१ च्या कायद्याने सुट्टी सक्तीची केली, पण त्या दिवसाच्या मजुरीचं बंधन मालकावर घातलं नाही. साळखात्यातल्या, म्हणजे विणकामाच्या खात्यातल्या, माणसाला विणलेल्या कापडाच्या मापावर पैसे. साचा म्हणजे माग थांबला की कमाई थांबली.

भरपगारी रजा यायला अर्धशतक गेलं. १९३६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने वर्षाला किमान सहा दिवसांचा ठराव केला. आपल्याकडे कारखान्यांसाठी ती तरतूद १९४५ मध्ये झाली, बारा महिन्यांच्या सलग नोकरीनंतर दहा दिवस. व्हाइसरॉयच्या मंडळात तेव्हा मजूरखातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. त्याआधी १९४२ च्या कायद्याने दुकानांतल्या नोकरांना भरपगारी साप्ताहिक सुट्टी दिली होती, तीही प्रांताने तो लागू केला तरच.

नोव्हेंबर २०२५ पर्यंतचा हिशेब १९४८ च्या कारखाना कायद्यातला, १९५४ च्या दुरुस्तीनंतरचा. वर्षात २४० हजेऱ्या भरल्या की पुढच्या वर्षी वीस दिवसांमागे एक रजा, म्हणजे बारा. मला त्यातलं कलम ८१ आवडतं: रजा चार दिवसांची किंवा जास्त असेल तर तिचा पगार कामगार रजेवर निघण्याआधीच त्याच्या हातात द्यायचा. एसटीचं तिकीट काढायला सणाआधी पैसे लागतात, नंतर नव्हे. मेख होती ती २४० मध्ये. गैरहजर कामगाराच्या जागी बदलीवर काम करणाऱ्याच्या तेवढ्या हजेऱ्या भरणं मुश्कील.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्याने आठ किरकोळ रजा आणि आठ सणांच्या सुट्ट्या भरपगारी केल्या. त्या आठांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या चार मालक-कामगारांनी आपसात ठरवायच्या. आमच्याकडे दरवर्षी वाद होतो तो या चारांवरच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेने २४० ची अट १८० वर आणली. वीसाला एक हे प्रमाण तेच, त्यामुळे जेमतेम १८० भरणाऱ्याच्या वाट्याला नऊ दिवस येतात.