मॅकिंटॉश प्लस : पडद्याचे बिघाड व त्यांचा शोध

मॅकिंटॉश प्लस हा अ‍ॅपल कंपनीने १९८६ साली बाजारात आणलेला संगणक. पडदा आणि संगणक एकाच पेटीत. पिक्चर ट्यूब नऊ इंची, कृष्णधवल. चित्र ५१२ × ३४२ बिंदूंचे. जतन केलेल्या यंत्रांत पडदा बिघडला की संशय ट्यूबवर जातो, पण दोष बहुधा तिच्या शेजारी उभ्या असलेल्या अ‍ॅनालॉग बोर्डात निघतो. वीजपुरवठा आणि ट्यूबमधला इलेक्ट्रॉन किरण वळवणारे मंडल दोन्ही याच बोर्डावर, आणि पेटीत पंखा नाही. (यंत्राने आवाज करू नये हा स्टीव्ह जॉब्झ यांचा जुना हट्ट. पंखा आला तो १९८७ च्या एसई या मॉडेलात.) वर्षानुवर्षे तापून-निवून डाखांना (सुटे भाग बोर्डाला जोडणाऱ्या सोल्डरच्या सांध्यांना) बारीक गोल भेगा पडतात. टीव्ही दुरुस्त करणारे याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात.

निम्मे निदान पेटी न उघडताच होते. मधोमध एकच उभी रेष दिसली तर आडवे विचलन (किरण डावी-उजवीकडे वळवणे) बंद पडलेले असते; पण रेष दिसते याचाच अर्थ ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर विजेचा उच्च दाब देत आहे आणि ट्यूब जिवंत आहे. नवख्याला सर्वांत भीतीदायक वाटणारे हे लक्षण खरे तर सर्वांत दिलासा देणारे. दोष बहुधा योकच्या (ट्यूबच्या मानेवरील, किरण वळवणाऱ्या वेटोळ्यांच्या) जोडणीच्या डाखांत असतो, नाहीतर योकशी एकसर जोडलेल्या सी१ या ३.९ मायक्रोफॅराडच्या धारित्रात (कपॅसिटरमध्ये). जुना डाख काढून नवा भरला की पुष्कळदा चित्र परत येते. तोवर ब्राइटनेस उतरवून ठेवावा; एकाच जागी आपटणारा किरण पडद्यामागचा चमकणारा फॉस्फरचा थर जाळतो. आडवी रेष असेल तर उभ्या विचलनाचे मंडल तपासावे.

पडदा पूर्ण काळा, पण सुरू होतानाची बीप ऐकू येते, असे असेल तर उच्च दाब किंवा आडव्या विचलनाचा ट्रान्झिस्टर पाहावा. बीपही नसेल तर अ‍ॅनालॉग बोर्डाला दोष देण्याची घाई नको. आडव्या विचलनाची स्पंदने लॉजिक बोर्डाकडून, म्हणजे प्रोसेसर असलेल्या मुख्य बोर्डाकडून, येतात. ती थांबली तरी पडदा काळाच राहतो. चित्र आक्रसते किंवा थरथरते तेव्हा आधी ५ व्होल्टचा पुरवठा मोजावा.

पेटी उघडायला लांब दांड्याचा टॉर्क्स टी१५ लागतो. वीज काढल्यावरही ट्यूबवर हजारो व्होल्टचा भार टिकून राहू शकतो. तो उतरवताना चपट्या स्क्रूड्रायव्हरला बांधलेली तार आधी ट्यूबच्या अर्थिंगला जोडतात, मग स्क्रूड्रायव्हरचे टोक अ‍ॅनोडच्या (ट्यूबला उच्च दाब देणाऱ्या जोडणीच्या) रबरी टोपीखाली सरकवतात; दुसरा हात पाठीमागे. शॉकइतकीच जपायची ती ट्यूबची काचेची मान. मानेच्या टोकाला बसवलेला छोटा बोर्ड तिरका ओढला की ती मोडते, हवा आत शिरते, आणि मग कोणताही डाख उपयोगाचा नाही.