पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

पाणचक्की : छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे खाम नदीच्या काठी, महमूद दरवाज्यालगत असलेली जुनी जलचक्की व तिच्याभोवतीचा सूफी दर्ग्याचा परिसर. उर्दूत ‘पनचक्की’; मराठीत पाणवठा, पाणबुडी या शब्दांच्या वळणाने ‘पाणचक्की’ रूढ झाले. नाव यंत्राचे असले, तरी मूळ वास्तू खानकाह, म्हणजे सूफींचा मठ आहे. येणाऱ्या यात्रेकरूंना, फकिरांना व गोरगरिबांना जेवू घालायचे, त्यासाठी पीठ हवे, म्हणून चक्की. हा क्रम ध्यानात घेतल्यावाचून परिसराची रचना कळत नाही.

येथील मुख्य दर्गा बाबा शाह मुसाफिर यांचा. ते व त्यांचे गुरू बाबा पलंगपोश हे दोघेही मध्य आशियातील बुखाऱ्याजवळच्या घिजदुवानचे, नक्षबंदी या सूफी परंपरेतील. पलंगपोश हे मोगल सेनानी गाजीउद्दीन खान फिरोजजंग यांच्या फौजेबरोबर दक्षिणेत हिंडत. शाह मुसाफिर मात्र शहरातल्या तकियात (फकिरांच्या निवासस्थानी) स्थिरावले. पलंगपोश १६९९ च्या सुमारास आणि शाह मुसाफिर १७१५ च्या सुमारास निवर्तले. पुढे गादीवर आलेल्या शाह महमूद यांनी या दोघांच्या आठवणी ‘मलफुजात-ए-नक्षबंदिया’ या फार्सी ग्रंथात संकलित केल्या.

चक्कीच्या काळाविषयी एकमत नाही. जुन्या वर्णनांत निजामउल्मुल्क आसफजाह (हैदराबादचे पहिले निजाम) यांच्या पदरचे सरदार तुर्कताज खान यांनी १६९५ च्या सुमारास ती बांधली आणि सुमारे २० वर्षांनी जमील बेग खान यांनी हौद व कारंजी जोडली, असे येते. या विधानातच अडचण आहे. निजामउल्मुल्क हा किताब १७१३ चा, आसफजाह हा १७२५ चा. १६९५ मध्ये त्यांचे वय जेमतेम २४ होते. किताब मागाहून लावला असे मानता येईल, पण मग दर्गा, हौद व चक्की यांचा मेळ बसवणे कठीण जाते. दुसऱ्या मतानुसार चक्की १७४४ ची. आसफजाह यांचा मृत्यू १७४८ चा असल्याने तुर्कताज खान यांचे नाव या काळाशी सहज जुळते, आणि शाह महमूद यांच्या कारकिर्दीत खानकाहचा विस्तार झाला याच्याशीही ते सुसंगत आहे. आसफजाह हे फिरोजजंगांचे पुत्र; घराण्याचा या परंपरेशी जुना संबंध असल्यामुळे आधीचा तकिया आणि नंतरची बांधकामे यांच्या तारखा एकमेकींत मिसळल्या असाव्यात. यंत्र व हौद अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

पाणी उत्तरेकडील डोंगरातल्या स्रोतातून येते. अंतर निरनिराळ्या ठिकाणी ६ ते ८ किमी दिलेले आढळते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी (या शहराचे जुने नाव) वसवल्यावर या शहराला नहरींची, म्हणजे दुरून पाणी आणणाऱ्या नळमार्गांची सवय लागली. पाणचक्कीची नहर त्याच विद्येची. पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून आणून अखेरीस उंच दगडी भिंतीवर चढवले आहे. याला सर्रास ‘सायफन’ म्हणतात. काटेकोरपणे पाहता ही उलट्या सायफनची क्रिया होय : बंद नळात पाणी खाली उतरते आणि उगमाची पातळी वरची असल्याने पुढे आपल्याच दाबाने पुन्हा वर चढते. वाटेतील घर्षणात काही उंची खर्ची पडते, म्हणून भिंतीचा माथा उगमापेक्षा खाली ठेवावा लागतो. तो किती खाली ठेवायचा, हा अंदाज बांधणाऱ्यांना होता, यातच त्यांचे खरे कौशल्य आहे.

चक्कीची रचना साधी आहे. पाण्याचा झोत लोखंडी पात्यांच्या आडव्या चाकावर पडतो, चाकाचा उभा दांडा थेट वरच्या दगडाला फिरवतो. मध्ये दातेरी चाके नाहीत. खालचा दगड स्थिर. घरच्या जात्याचा खुंटा हाताऐवजी पाण्याने धरला, इतकेच.

भिंतीवरून पाणी मोठ्या हौदात कोसळते. हौद सुमारे १६४ फूट लांब व ३१ फूट रुंद आहे. त्याचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत असून ते भक्कम खांबांवर पेललेले आहे. चैत्र-वैशाखात बाहेर दगड तापलेला असताना या दालनात शिरले की डोक्यावरच्या पाण्याचा गारवा अंगाला लागतो. मुक्कामाला आलेल्यांची सोय त्यातून झाली. हौदाशेजारीच मशीद, दर्गा आणि एक विस्तीर्ण वड. वडाचे वय कित्येक शतकांचे सांगतात. त्याच्या सावलीत बसले की धबधब्याच्या एकसारख्या आवाजात शेजारच्या रस्त्याची वर्दळ ऐकू येईनाशी होते. दर्शनाला आलेली माणसे, सहलीची मुले आणि नुसतीच विसावलेली वडीलधारी मंडळी हौदाच्या कठड्यावर जवळजवळ बसलेली दिसतात. वापरून झालेले पाणी खाम नदीकडे जाते.

आता चक्की दाखवण्यापुरतीच फिरते. नहरीच्या वाटेवर वस्ती वाढली, नळ जागोजाग फुटले. अवर्षणाच्या वर्षी भिंतीवरची धार पार बारीक होते.