बॅक नदी

कॅनडाच्या उत्तरेकडील टंड्रा प्रदेशातली नदी. लांबी सु. ९७४ किमी., पाणलोट क्षेत्र सु. १,०६,५०० चौ. किमी. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये ससेक्स सरोवरापाशी उगम पावून ती नूनावूतमध्ये शिरते व चँट्री खाडीत आर्क्टिक महासागराला मिळते.

नावातल्या ‘बॅक’चा मागे-पुढेशी काही संबंध नाही. ते जॉर्ज बॅक या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याचे आडनाव. उगमाकडचे डेने आदिवासी तिला थ्ल्यू-ई-चो-देझेथ म्हणत. थ्ल्यू म्हणजे मासा, चो म्हणजे मोठा, देझेथ म्हणजे नदी. इंग्रजीत याचे ‘ग्रेट फिश रिव्हर’ झाले आणि थोरवी नदीची की माशाची, हे संदिग्ध राहिले. डेने नावात ती माशाचीच आहे. मधल्या टप्प्यातल्या गॅरी सरोवराला तिथले इनुइट आदिवासी हनिंगायुक, म्हणजे ‘आडवे पडलेले’, म्हणतात. नकाशा पाहिला की हे नाव लगेच पटते.

आर्क्टिकमध्ये बेपत्ता झालेल्या जॉन रॉस या ब्रिटिश संशोधकाच्या शोधार्थ निघालेल्या बॅकने १८३३ च्या ऑगस्टमध्ये उगम पाहिला. रॉस सुखरूप परतल्याची बातमी त्याला एप्रिल १८३४ मध्ये फोर्ट रिलायन्सच्या हिवाळी तळावर मिळाली, तरी नदीचा नकाशा करण्यासाठी तो निघालाच. बीची सरोवरापाशी नदी आग्नेयेस वळते. तिथे ती हडसन उपसागराला तर जात नाही ना, अशी शंका त्याला आली. त्याने ८३ धबधबे व द्रुतवाह (खडकांवरून वेगाने धावणारे प्रवाह) मोजले. काठावर झाड एकही नव्हते. जळणाला खुरट्या वाळुंजाच्या काटक्या किंवा शेवाळ. होडी माणसांना खांद्यावर उचलवेना, म्हणून द्रुतवाहापाशी सामान उतरवून काठाने वाहून न्यायचे आणि रिकामी होडी सुकाणूवाल्याने खाली सोडायची. जिथे ती थोडक्यात वाचली, त्याला नाव पडले ‘एस्केप रॅपिड’. एका धबधब्याला सिंक्लेअर या सुकाणूवाल्याचे नाव मिळाले, हे विशेष. कारण सरोवरांची व खाडीची नावे बहुतेक बड्यांची : पेली व गॅरी हे हडसन्स बे या व्यापारी कंपनीचे पदाधिकारी, तर चँट्री हा लंडनचा शिल्पकार.

उन्हाळ्यातही सरोवरांवर बर्फ रेंगाळतो. तो फुटला तरी उघड्या पाण्यावर वारा सुटला की हलक्या कॅनू (वल्ह्याच्या निमुळत्या होड्या) काठाला अडकून पडतात.

आर्क्टिकमधून जाणारा सागरी मार्ग शोधायला निघालेल्या जॉन फ्रँक्लिनच्या ब्रिटिश मोहिमेच्या २५ एप्रिल १८४८ च्या चिठ्ठीत उरलेले १०५ जण दुसऱ्या दिवशी ‘बॅक्स फिश रिव्हर’कडे निघणार असल्याचे लिहिले आहे, म्हणजे तेव्हा जुने-नवे नाव एकत्र चालत होते. त्यांतला एकही जण परतला नाही.