हँग झालेल्या सर्व्हरसाठी डायग्नोस्टिक इंटरप्ट: परवानगी कुणाला, कागदपत्रं काय लागतात, सेटिंग कसं करायचं

सर्व्हर हँग झाला की पहिला फोन येतो 'बंद करून चालू कर', आणि आपण करतो पण, फक्त मेमरीत जो काही पुरावा होता तो त्यासोबत जातो आणि काही दिवसांनी परत तोच घोळ. लिनक्समधे यावर सोय आहे, एनएमआय म्हणजे सीपीयूला टाळता न येणारा इंटरप्ट बाहेरून पाठवायचा, कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) मुद्दाम पॅनिक करायला, म्हणजे सगळं थांबवायला लावायचं आणि मेमरीचा डंप, म्हणजे फाइलमधली नक्कल, घ्यायची. पण हे सगळं आधीच करून ठेवावं लागतं, हँग झाल्यावर अर्ज टाकून काहीच होत नाही.

पात्रता म्हणाल तर सेटिंग बदलायला रूट किंवा सुडो, म्हणजे मशीनचा पूर्ण अधिकार पाहिजे, ॲप टीमने आणि व्हेंडरने फक्त विनंती टाकायची. इंटरप्ट पाठवायचा अधिकार मात्र वेगळा असतो. फिजिकल मशीन असेल तर आयएलओ किंवा आयड्रॅकचं (सर्व्हर लांबून हाताळायची त्यातलीच सोय) लॉगिन, म्हणजे अंधेरीच्या ऑफिसात बसून काम होतं, डेटा सेंटरला धावावं लागत नाही. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमधे असाल तर त्यांच्या नायट्रो सिस्टिमवरची इन्स्टन्स (भाड्याचं मशीन) आणि आयएएममधे (परवानग्या ठरवायची तिथली सोय) इंटरप्ट पाठवायची परमिशन लागते.

कागदपत्रांत चेंज रिक्वेस्ट, त्यात आत्ताच्या व्हॅल्यूज, रोलबॅक प्लॅन आणि ॲप ओनरची मंजुरी. इन्फोसेकचं (माहिती सुरक्षा टीमचं) अप्रूव्हल बरेच जण विसरतात, ते अजिबात सोडू नका, कारण डंपमधे त्या क्षणी मेमरीत असलेला ग्राहकांचा डेटा, पासवर्ड, सगळं उघडं पडलेलं असू शकतं, तेव्हा फाइल कोण बघणार, कुठे ठेवणार, कधी डिलीट करणार हे अर्जातच लिहा.

आता प्रोसेस. आधी केडंप (पॅनिक झाल्यावर डंप उतरवणारी लिनक्सची सोय), तो नसेल तर पॅनिक होऊन हाती काही लागत नाही. त्याच्यासाठी बाजूला ठेवायची क्रॅशकर्नल मेमरी बूटच्या वेळी राखली जाते म्हणून एक रीबूट धरून चाला, शेअर बाजाराचं काम असेल तर साडेतीननंतरच किंवा सरळ शनिवारी विंडो मागा. मग सिसकंट्रोलमधे (कर्नलच्या सेटिंग्जमधे) 'अननोन एनएमआय पॅनिक', म्हणजे कारण न कळलेल्या एनएमआयवर पॅनिक करायचं सेटिंग, 0 चं 1 करायचं आणि ईटीसीमधल्या सिसकंट्रोल डॉट डी फोल्डरात फाइल टाकायची, नाहीतर पुढच्या रीबूटला परत 0. 0 असताना कर्नल लॉगमधे नुसतं 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड, बट ट्राइंग टू कंटिन्यू' लिहून पुढे जातो, म्हणून 1 करायच्या आधी जुन्या लॉगमधे ही ओळ शोधा, सापडली तर कुठूनतरी आपोआप एनएमआय येतायत, ते आधी निस्तरा, नाहीतर चालू मशीन भर दुपारी पडेल.

'पॅनिक ऑन आयओ एनएमआय' आणि 'पॅनिक ऑन अनरिकव्हर्ड एनएमआय' ही हार्डवेअर एररसाठीची सेटिंग्ज आहेत, डेटाबेस सर्व्हरवर मी दोन्ही 1 मागेन कारण चुकीचा डेटा लिहिला जाण्यापेक्षा मशीन थांबलेलं परवडतं.

शेवटी यूएटीवर (चाचणीच्या मशीनवर) एकदा खरा इंटरप्ट पाठवून बघाच. वार क्रॅश फोल्डरात व्हीएमकोर फाइल (म्हणजे तो डंप) पूर्ण उतरली, डिस्कला जागा पुरली, मशीन परत वर आलं, एवढ्याचा स्क्रीनशॉट तिकिटाला जोडला की प्रोडक्शनची मंजुरी मागायला हरकत नाही.