बोटॉक्सची कुपी घरापर्यंत कशी आली

एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने डॉक्टरांना तातडीचा इशारा पाठवला. 11 राज्यांतल्या 22 बायकांना सुरकुत्या घालवणारं बोटॉक्स म्हणून घेतलेल्या इंजेक्शनांनंतर त्रास झाला होता आणि त्यातल्या निम्म्या इस्पितळात दाखल होत्या. टोचणाऱ्याकडे परवाना किंवा प्रशिक्षण नव्हतं, नाहीतर जागाच घर-स्पासारखी होती.

रूपासाठी सुई टोचून घेण्याची ही हौस तशी जुनीच. व्हिएन्नाचे शल्यविशारद रॉबर्ट गेर्सुनी यांनी 1899 च्या सुमारास व्हॅसलीन टोचून शरीराला आकार देऊन पाहिला. मग पॅराफिन आलं, बसकी नाकं उंच होऊ लागली. काही वर्षांत त्याच्या गाठी झाल्या, मेण सरकलं. 1903 मध्ये तर नाकात पॅराफिन भरल्यावर दोन्ही डोळे गेल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आजच्या फिलरचा, म्हणजे त्वचेखाली भराव म्हणून टोचायच्या द्रव्याचा, सर्वांत भयंकर अपघात नेमका हाच आहे: द्रव्य धमनीत शिरतं आणि डोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. दुसऱ्या महायुद्धानंतर पातळ सिलिकोनचीही तीच गत झाली.

बोटॉक्सची वाट वेगळी. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट एका जीवाणूचं स्नायू ढिले पाडणारं विष तिरळेपणासाठी वापरून बघत होते; बोटॉक्स म्हणजे तेच विष. 1989 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच सुमारास व्हँकुव्हरच्या जीन आणि अ‍ॅलिस्टर कॅरदर्स या डॉक्टर दांपत्याच्या लक्षात आलं, की पापण्यांच्या आजारासाठी हे औषध घेणाऱ्यांच्या भुवयांमधल्या आठ्याही जातात. 2002 मध्ये आठ्यांसाठी अधिकृत मान्यता आली. कापाकापी नाही, भूल नाही, दहा मिनिटांचं काम. लवकरच दिवाणखान्यांत ‘बोटॉक्स पार्ट्या’ रंगू लागल्या.

काम सोपं दिसतं, पण सगळी गंमत मोजमापात आहे. 100 युनिटच्या कुपीच्या तळाशी जेमतेम दिसेल एवढा पांढरा थर असतो. त्यात अडीच मिली सलाइन घातलं की 0.1 मिलीमध्ये 4 युनिट येतात. आठ्यांसाठी पाच ठिकाणी मिळून 20. कुपी 2 ते 8 अंश तापमानात ठेवायची आणि विरघळवल्यावर 24 तासांत संपवायची. बनावट कुपीत मुळात किती विष आहे तेच माहीत नसलं, तर हा हिशेब मांडायचा कशावर? 2004 मध्ये फ्लोरिडात चौघांना प्रयोगशाळेसाठीचं, माणसासाठी नसलेलं विष टोचलं गेलं. त्यांना मिळालेली मात्रा प्राणघातक मात्रेच्या 2857 पट असावी असा नंतर अंदाज निघाला. चौघंही कृत्रिम श्वासावर होते. आणि टोचणारा डॉक्टर होता, जागा दवाखान्याची होती! म्हणजे नुसती पाटी बघूनही भागत नाही.

तरी घर आणि दवाखाना यांत मोठा फरक उरतोच. हायलुरॉनिक आम्लाचा फिलर धमनीत गेला तर त्वचा पांढरी पडते, मग जाळीसारखी निळसर दिसते. अशा वेळी तो विरघळवणारं हायलुरोनिडेज तिथल्या तिथे हवं. मेकअपच्या पेटीतून सुया आणणाऱ्यांकडे ते कशाला असेल? बोट्युलिझमची, म्हणजे बोटॉक्सच्या विषाने होणाऱ्या विषबाधेची, लक्षणं तर कधी काही दिवसांनी दिसतात: दोन दोन दिसणं, पापण्या पडणं, गिळता न येणं. प्रतिविष रक्तात फिरणारं विष अडवतं, मज्जातंतूंत शिरलेलं काढू शकत नाही. त्यामुळे उशीर महागात पडतो.

करोनाकाळात घरचा धंदा आणखी फोफावला. सुईविना दाबाने ओठांत फिलर घुसवणारी ‘हायलुरॉन पेनं’ ऑनलाइन विकली जाऊ लागली. 2021 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती वापरू नका असं बजावलं. इंग्लंडने त्याच वर्षी 18 वर्षांखालील मुलांना अशी इंजेक्शनं द्यायला बंदी घातली. 2022 च्या कायद्याने तिथे परवाना पद्धतीचा अधिकारही सरकारच्या हाती आला, पण 2025 च्या उन्हाळ्यापर्यंत ती पद्धत प्रत्यक्षात उतरली नव्हती. 4 जून ते 14 जुलै 2025 या काळात तिथे अशा इंजेक्शनांमुळे बोट्युलिझमचे 38 रुग्ण निघाले.