ग्रेनेडाची अर्थव्यवस्था व प्रमुख निर्यात

कॅरिबियन समुद्राच्या आग्नेय भागातील ग्रेनेडा हे ग्रेनेडा, कॅरियाकू व पेटिट मार्टिनिक या बेटांचे मिळून झालेले राष्ट्र आहे. क्षेत्रफळ सु. ३४४ चौ. किमी.; लोकसंख्या सव्वा लाखाहून कमी. राजधानी सेंट जॉर्जेस. ७ फेब्रुवारी १९७४ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा स्वीकारलेल्या राष्ट्रध्वजावरील काठीकडच्या हिरव्या त्रिकोणात जायफळ आहे. राष्ट्रीय उत्पन्नातील जायफळाचा आजचा वाटा पाहता हा मान जरा मोठा वाटतो. तथापि देशाच्या आर्थिक इतिहासाचा विचार करता तो अनाठायी नाही.

फ्रेंचांनी १६४९ पासून येथे वसाहत केली. १७६३ च्या पॅरिस तहाने बेट ब्रिटिशांकडे गेले, १७७९ मध्ये पुन्हा फ्रेंचांच्या हाती पडले आणि १७८३ मध्ये ब्रिटिशांना परत मिळाले. या काळात आफ्रिकी गुलामांच्या श्रमावर चालणारे उसाचे मळे हाच अर्थव्यवस्थेचा कणा होता. १८३४ च्या गुलामगिरीबंदीनंतर आणि विशेषतः ब्रिटिश संसदेच्या १८४६ च्या कायद्याने वसाहतींच्या साखरेला मिळणारी जकातीची सवलत क्रमाने संपुष्टात येऊ लागल्यावर साखरधंदा खालावला. मजुरांची उणीव भरून काढण्यासाठी १८५७ पासून भारतातून करारबद्ध मजूर आणले गेले, परंतु साखर सावरली नाही. तिची जागा प्रथम कोकोने व नंतर जायफळाने घेतली.

जायफळ ग्रेनेडात केव्हा व कसे आले, याविषयी मतभेद आहेत. हा वृक्ष मूळचा इंडोनेशियातील बांदा बेटांचा. त्यावरील डच मक्तेदारी फ्रेंचांनी अठराव्या शतकात मॉरिशसला रोपे नेऊन, तर ब्रिटिशांनी नेपोलियनकालीन युद्धांत बांदा ताब्यात असताना रोपे पेनांग व अन्यत्र हलवून मोडली. ग्रेनेडात रूढ असलेले वर्ष १८४३ असून, पूर्वेकडून परतलेल्या एका मळेवाल्याने रोपे आणली, अशी परंपरा सांगितली जाते. एका मेजवानीतील मद्यपेयात जायफळ किसून घातले गेले व ते पाहुण्यांना इतके आवडले की लागवड सुरू झाली, ही कथा रंजक असली तरी तिला दंतकथेपलीकडे महत्त्व देता येत नाही. तिसऱ्या मतानुसार, सेंट व्हिन्सेंट येथे १७६५ मध्ये स्थापन झालेल्या वनस्पतिउद्यानासारख्या केंद्रांतून हे झाड त्याआधीच या बेटसमूहात पोहोचले असावे. जायफळाच्या झाडांत नर व मादी वेगळे असतात आणि बियांपासून वाढवलेल्या रोपाचा भेद पहिला फुलोरा येईपर्यंत, म्हणजे साधारणतः पाच ते आठ वर्षे, कळत नाही; त्यामुळे दोन-चार रोपांतून बाग उभी राहणे अवघड होते. हे ध्यानी घेता १८४३ हे झाडाच्या पहिल्या आगमनाचे नव्हे, तर लागवडीच्या आरंभाचे परंपरागत वर्ष मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. व्यापारी प्रमाणावरील लागवड त्यानंतर काही दशकांनी झाली असावी.

फळ उकलून जमिनीवर पडले की गोळा करतात. बीवरील लाल जायपत्री वेगळी काढून वाळवतात आणि बिया कवचासह काही आठवडे तबकांवर सुकवतात. मग कवच फोडून गर पाण्यात टाकतात. बुडणारा उत्तम, तरंगणारा हलका, आणि हा हलका माल तेल काढण्यासाठी उपयोगी पडतो. गुयाव्ह येथील प्रक्रियाकेंद्र प्रसिद्ध आहे. फळाच्या जाड सालीचे जॅम व सरबत करतात. निर्यातीची मक्तेदारी १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ग्रेनेडा सहकारी जायफळ संघाकडे देण्यात आली. माल पोहोचवताच शेतकऱ्याला पहिली उचल मिळते व विक्रीनंतर उरलेला हिशेब होतो. १९८७ मध्ये इंडोनेशियाशी करार करून दर चढे ठेवण्याचा प्रयत्न झाला, पण १९९० च्या सुमारास तो फसला.

सप्टेंबर १९५५ मधील जॅनेट वादळाने बहुतेक बागा उन्मळून टाकल्या. त्यातून सावरून ग्रेनेडा इंडोनेशियाखालोखाल जगातील दुसऱ्या क्रमांकाचा उत्पादक बनला होता. ७ सप्टेंबर २००४ रोजी आयव्हन वादळ आले आणि बहुसंख्य झाडे पुन्हा गेली. एकूण हानी देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सु. दुप्पट असल्याचे अंदाज आहेत. नवे झाड पूर्ण बहरास येण्यास पंधरा-वीस वर्षे लागत असल्याने अनेक शेतकरी लवकर फळणाऱ्या कोकोकडे वळले. कोकोच्या दाण्यांबरोबर १९९९ पासून बेटावरच तयार होणारे चॉकलेटही निर्यात होते.

मासे, विशेषतः ट्यूना, अमेरिकेस जातात. शेजारील बेटांना पीठ पाठविले जाते. मालाची आयात मात्र निर्यातीच्या कित्येक पट आहे. ही तूट पर्यटन, परदेशस्थ नागरिकांनी धाडलेला पैसा, गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देणारी योजना आणि १९७६ मध्ये स्थापन झालेले सेंट जॉर्जेस विद्यापीठ यांतून भरून निघते. या वैद्यकीय शिक्षणसंस्थेत मुख्यतः परदेशी विद्यार्थी येतात. पर्यटनवाढीस उपयोगी पडलेला विमानतळ क्यूबाच्या साहाय्याने बांधला जात असतानाच ऑक्टोबर १९८३ मध्ये अमेरिकेने लष्करी हस्तक्षेप केला; तो १९८४ मध्ये खुला झाला. चलन पूर्व कॅरिबियन डॉलर असून १९७६ पासून त्याचा दर एका अमेरिकी डॉलरला २.७० असा स्थिर आहे. १ जुलै २०२४ च्या बेरिल वादळाचा मुख्य तडाखा कॅरियाकू व पेटिट मार्टिनिक यांना बसला.